सात वेणीमाधव आणि एक परात

मी एक जुनी पितळी परात आहे, पण मित्रांनो, मला नुसती परात समजू नका. कणीक मळायला कुठलीही परात चालते. मी काशीच्या रामघाटावरची नावाची परात आहे. या गल्लीत जन्मलेल्या किती मुलांची नावं आधी माझ्यावर उमटली आणि मग जगाला कळली, ते माझं मलाच आता मोजता येत नाही. थोडी ऐट केली तर चालवून घ्या. ज्याने आयुष्यभर मान मिळवला त्याला ती शोभते.

स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या वर्षी ठठेरी बाजारातल्या एका कारागिराने मला घडवलं. त्याने इतके ठोके घातले की काही दिवस मला गंगेच्या आरतीची घंटासुद्धा हातोडीसारखी ऐकू यायची. शिवराम नावाच्या एका मराठी मास्तरांनी मला विकत घेतलं. ते संस्कृत शिकवायचे. घरात त्यांची बायको अंबिका आणि धाकटी बहीण आनंदी. मला घरी आणल्यावर अंबिकेने हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यात पुऱ्यांची कणीक मळली. माझ्या भाग्यात काही वेगळं आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

ते वेगळं आनंदीमुळे आलं. तिचं अक्षर फार सुंदर होतं. आमच्या मराठी घरांत बाळ बारा दिवसांचं झालं की बारसं करतात. परातीत तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यात बाळाचं नाव लिहायचं आणि परात पाळण्याशेजारी ठेवायची. मग आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून ते नाव सांगायचं. सांगून झालं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. धपाटे का घालायचे ते मला कुणी समजावलं नाही, पण त्यांच्याशिवाय नाव पक्कं होत नाही अशी सगळ्यांची खात्री. आनंदीने एका शेजारणीकडे नाव लिहून दिलं, तेव्हा घरून मला सोबत नेलं होतं. ते अक्षर पाहून बायका थक्क झाल्या. त्या दिवसापासून कुणाकडेही बारसं असलं की निरोप यायचा, आनंदीला पाठवा आणि तिची परातही पाठवा.

आता वेणीमाधव या नावाची गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत एक वेदपाठशाळा होती. तिथे वेणीमाधवशास्त्री शिकवायचे. अर्ध्या गल्लीचे ते गुरू आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीचा आधार. ते हयात होते तोवर त्यांचं नाव कुणी आपल्या मुलाला ठेवलं नाही, कारण जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. एकोणीसशे एकोणपन्नास साली शास्त्रीबुवा गेले. त्यांना मणिकर्णिकेवर पोहोचवून माणसं परतली आणि जणू एखाद्या धरणाचं दार उघडलं. पुढच्या दोन वर्षांत गल्लीत जो मुलगा जन्मला, बहुतेक तो वेणीमाधवच. सात बारशांत ते नाव माझ्यावर मिरवलं गेलं. पाच अक्षरं, मोठी, ऐसपैस. या काठापासून त्या काठापर्यंत मी भरून जात असे आणि मला वाटे, नाव असावं तर असं.

पुढे ही पोरं चालू लागली तेव्हा मोठी गंमत झाली. संध्याकाळी कुणी आई दारातून 'वेणी' म्हणून ओरडली की चार दिशांनी चार पोरं धावत यायची. एक आजीबाई वैतागून म्हणाल्या, "आता पुरे करा बायांनो. एक हाक मारली तर पाच ताटं मांडावी लागतात."

पण मित्रांनो, कुठलीही गोष्ट फार झाली की तिची किंमत कमी होते. आमच्या हातून जी चूक घडली ती यामुळेच. आमच्या म्हणजे माझ्या आणि आनंदीच्या. ती आम्हा दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

एकोणीसशे पन्नास सालच्या भाद्रपदात शेजारच्या सीताबाईंना मुलगा झाला आणि त्याच दिवशी आमच्या अंबिकेलाही मुलगा झाला. दोघांचं बारसं एकाच दिवशी आलं. सीताबाईंकडे दुपारी, आमच्याकडे संध्याकाळी. नाव दोन्हीकडे एकच ठरलेलं. आनंदीने सीताबाईंकडे माझ्यावर झकास अक्षरात 'वेणीमाधव' लिहिलं. तिथलं बारसं लांबलं. घरून निरोपावर निरोप येऊ लागले, की गुरुजी खोळंबले आहेत, मुहूर्त टळतो आहे. आनंदीने मला तसंच उचललं आणि माकडांनी तांदळावर झडप घालू नये म्हणून वरून पदर धरून गल्लीतून जपून चालत घरी आणलं. दारात पोहोचल्यावर पदर बाजूला केला, तर नाव जसंच्या तसं. 'मा'चा काना तेवढा थोडा विस्कटला होता.

खरं तर ते तांदूळ काढून, मला पुसून, नवे तांदूळ घालून नाव नव्याने लिहायचं होतं. पण आनंदी एकोणीस वर्षांची होती, घामाघूम झालेली होती आणि आतून सगळ्या हाका मारत होत्या. ती पुटपुटली, "नाव तेच, हात तोच. कुणाला कळणार आहे?" तिने बोटाने तो काना नीट केला आणि मला पाळण्याशेजारी ठेवलं. बाळाच्या कानात नाव सांगितलं. धपाटे पडले, पेढे वाटले, सगळे खूष झाले. मीसुद्धा त्या वेळी काही वाईट वाटून घेतलं नाही. मला वाटलं, चला, एका दिवसात दोनदा मिरवायला मिळालं.

आनंदीला मात्र त्या रात्रीपासूनच टोचू लागलं. बाळाला दीड महिन्यात मोठा ताप आला, तेव्हा ती माझ्यात कणीक मळता मळता हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या बाळासाठी लिहिलेलं नाव आपल्या बाळाला दिलं ग मी. उष्टं नाव दिलं." ताप उतरला, पण तिच्या मनातली गोष्ट उतरली नाही. त्या दिवसापासून तिने भाच्याला नावाने हाक मारली नाही. ती त्याला बाळू म्हणायची. घरातल्यांना वाटलं, आत्याचा लाड आहे.

आनंदीचं लग्न काही जमलं नाही. ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि भावाच्याच घरी राहिली. तिचा सगळा जीव त्या एका पोरात होता. सीताबाईंचा वेणीमाधव पहिल्या वर्गात पास होत गेला. आमचा इंटरच्या परीक्षेत एकदा नापास झाला. सीताबाईंचा पोहण्यात पहिला यायचा, आमच्याला पाण्याची भीती. प्रत्येक वेळी आनंदी कणकेवर मूठ दाबत मला म्हणायची, "बघितलंस? ताजं नाव त्याला गेलं, उरलेलं आमच्या बाळूला." मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिला सांगितलं असतं, की अग वेडे, पोहायला नाव लागत नाही, हातपाय मारावे लागतात. पण परातीने फक्त ऐकायचं असतं.

इकडे नावांचा जमाना पालटत होता. सातव्या वेणीमाधवानंतर आठवा आलाच नाही. काही वर्षं मोहन, शरद, प्रकाश अशी सुटसुटीत नावं चालली. मग बायका म्हणू लागल्या, नाव असं पाहिजे की हिंदीवाल्यांनाही घेता आलं पाहिजे. मग राजेश आले, संजय आले, अमित आले. एका वर्षी माझ्यावर तीन अमित लिहिले गेले. तीन अक्षरं लिहून आनंदीचा हात मोकळा व्हायचा आणि माझा अर्धा भाग नुसता पांढरा राहायचा. मला त्या नावांचा राग नव्हता. प्रत्येक नाव आपल्या बाळाला सर्वात गोड असतं. पण भरल्या अंगाची सवय झालेल्या परातीला रितेपण जाणवायचंच.

आणि त्या सात वेणीमाधवांचं काय झालं? ते मोठे झाले आणि त्यांचं नाव लहान होत गेलं. एकाने पुढचं कापून नुसतं माधव ठेवलं. एक जण बनारसी दोस्तांत बेनी झाला, तो बेनीच राहिला. दोघांनी इंग्रजी अक्षरांत आपलं नाव बंद केलं आणि व्ही. एम. झाले. एकाला मुंबईला गेल्यावर सगळे वेन म्हणू लागले, ते तो आवडीने सांगायचा. सगळ्यात कडी केली ती सीताबाईंच्या मुलाने. त्याला कानपूरला मोठी नोकरी लागली, तेव्हा त्याने अखबारात जाहिरात दिली, की यापुढे मला विनय म्हणून ओळखावं. सीताबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगत होत्या, "क्या करूं अंबिका, म्हणतो, नाव फार जुनाट वाटतं." आनंदी माझ्यावर वाकून कणीक मळत होती. तिचे हात थांबले. सीताबाई गेल्यावर ती म्हणाली, "ज्याचं होतं त्याने टाकून दिलं. म्हणजे माझा बाळू आता टाकलेलं नाव घालून फिरतोय."

पण तो बाळू ते नाव कसं घालून फिरत होता, ते ऐका. हे सांगताना माझा ऊर अजून भरून येतो. तो रेल्वेत क्लार्क झाला. ऑफिसात टेबलावर नावाची पाटी करायची होती. रंगारी म्हणाला, "बाबूजी, नाम लंबा है, पट्टी छोटी है. बी. एम. लिख दें?" आमचा म्हणाला, "पट्टी बड़ी कर दो." त्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शिवराम मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पगाराच्या कागदावर, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर, पोस्टाच्या पावतीवर, सगळीकडे तो पाचही अक्षरं लिहायचा. बँकेच्या खिडकीवर मागची लाईन कुरकुर करायची, "अरे भाई, दस्तखत कर रहे हैं कि चिट्ठी लिख रहे हैं?" हा मान वर न करता सही पूर्ण करायचा. हळूहळू रामघाटावर एकच वेणीमाधव उरला.

दरम्यान माझेही दिवस फिरले. घरात स्टीलची परात आली. ती हलकी आणि चकचकीत, तिला ना चिंच लागायची ना कल्हई. बारशाला थर्माकोलवर नाव चिकटवायची पद्धत आली. मला माळ्यावर टाकलं. उन्हाळ्यात खाली काढायचे, ते कूलरचं गळणारं पाणी धरायला. मी रागावले नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. जिने शास्त्रीबुवांचं नाव सात बारशांत मिरवलं, तिने ठिबकणारं पाणी झेलत बसायचं? शिवराम गेले, अंबिका गेली. आनंदीने वीस वर्षांत कुणाचंच नाव लिहिलं नाही, कुणी बोलावलंच नाही.

दोन हजार दहा साली आमचा वेणीमाधव रिटायर झाला आणि महिन्याभरातच त्याला नातू झाला. त्याचा मुलगा मोहन आणि सून मृणालिनी. मृणालिनी बँकेत नोकरी करते, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरते, पण मोठी चौकस पोरगी आहे. तिने कुठे तरी ऐकलं होतं की आत्याआजींचं अक्षर पाहायला गल्ली लोटायची. बारशाच्या दोन दिवस आधी ती आनंदीपाशी बसली आणि म्हणाली, "आत्याआजी, थर्माकोल वगैरे मला नको. नाव तुम्हीच लिहायचं. परात कुठे असते?" आनंदी म्हणाली, "कूलरखाली." मृणालिनीने कपाळाला हात लावला. तिने स्वतः मला चिंच लावून घासलं. तास गेला, नखं काळी झाली, पण तिने मला पुन्हा सोन्यासारखं केलं. तेव्हापासून ती मला या घरात सर्वात आवडते.

बारशाच्या दिवशी घर भरून गेलं. एकोणऐंशी वर्षांची आनंदी माझ्यासमोर बसली आणि अंगठीने तांदळात 'विहान' लिहिलं. अक्षर तेच जुनं, डौलदार. मोहनची बहीण सुमेधा आत्या झाली होती. तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, चांगले सणसणीत धपाटे खाल्ले. विहानला काय, तो झोपलेला होता. मोहनची आई पद्मा म्हणाली, "आत्या, अजून किती सुरेख काढता हो." तेव्हा वेणीमाधव कौतुकाने जवळ आला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो सहज म्हणाला, "आत्या, माझं नावही असंच लिहिलं असशील ना?"

आनंदी म्हणाली, "नाही."

सगळ्यांना वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. पण ती पुढे बोलली, आणि थांबली नाही. "तुझं मी लिहिलंच नव्हतं. सीताबाईंच्या मुलासाठी लिहिलेलं तेच उचलून तुझ्यापुढे ठेवलं. घाई होती. तांदूळसुद्धा बदलले नाहीत. साठ वर्षं झाली बाळू, मी तुला दुसऱ्याचं नाव दिलं." एवढं म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. या म्हातारीने एवढ्याशा गोष्टीचं एवढं ओझं इतकी वर्षं वागवलं, हे लक्षात यायला माणसांना जरा वेळ लागला. मला मात्र ते वर्षानुवर्षं दिसत होतं. माझ्यावरच तर ती ते उतरवू पाहायची.

वेणीमाधव तिच्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "आत्या, गल्लीत सात जणांना हे नाव मिळालं. कुणी कापलं, कुणी वाकवलं. सीताबाईंच्या विनयने तर अखबारात छापून सोडलं. पूर्ण वापरलं ते मी एकट्याने. चौतीस वर्षं मी सहीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग आता सांग, नाव कुणाचं?"

आनंदी म्हणाली, "ते ठीक आहे. तू मोठ्या मनाचा आहेस. पण मी तुला साठ वर्षांत एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "शाळेत असताना फार वाटायचं की आत्याने एकदा म्हणावं. मग मी समजूत घातली की लाडाने बाळू म्हणतेस."

हे ऐकून आनंदी उठली. विहानचे तांदूळ तिने मृणालिनीच्या ओटीत घातले. मला मोरीत नेऊन स्वतः धुतलं, कोरडं पुसलं आणि डब्यातून नवे तांदूळ काढून पसरले. सुमेधा मदतीला धावली, तर तिला म्हणाली, "तू बैस. हे माझं काम आहे." मग ती लिहू लागली. 'वे' काढायलाच किती तरी वेळ गेला. मध्ये मोहनचा मोबाईल वाजला, तो त्याने बंद केला. बायका जेवणाचं विसरल्या. पाचवं अक्षर पूर्ण झालं तेव्हा मी पुन्हा या काठापासून त्या काठापर्यंत भरले होते. मित्रांनो, सात बारशांत ते नाव माझ्यावर होतं तेव्हा त्याची गर्दी होती. आठव्या वेळी ते एकटं आलं, आणि इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

साठ वर्षांचा वेणीमाधव पाळण्याशेजारी मांडी घालून बसला. गुडघे कुरकुरले. आनंदी त्याच्या कानाशी वाकली, 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. हळू सांगायची रीत आहे, पण तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्याची मान खाली गेली आणि खांदे हलू लागले. कुणी त्याला उगी म्हटलं नाही.

आता धपाट्यांची पाळी. पण एवढ्या म्हाताऱ्या पाठीत धपाटा घालायचा कुणी? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मृणालिनीने पुढे होऊन नुसता हात टेकवला. तर आनंदी मागे वळून म्हणाली, "जोरात मार ग. साठ वर्षांचे राहिलेत." मग मात्र सगळ्या हसत रडत तुटून पडल्या.

मित्रांनो, मी आता कूलरखाली नसते. देवघराशेजारी भिंतीला टेकून उभी असते. वेणीमाधव हे नाव पुन्हा कुणी ठेवेल की नाही, मला ठाऊक नाही. नावांचे दिवस येतात आणि जातात, त्यावर परातीचा इलाज नाही. माझं मागणं एवढंच, की तुम्हाला जे नाव मिळालं आहे ते गल्लीत दहा जणांचं असो की तुमच्या एकट्याचं, त्याची आबाळ करू नका. ते कुणी लिहिलं, कुणी कानात सांगितलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही राहून गेलेलं असतं, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाहीत.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीमाधव दूध आणायला खाली उतरला आणि पिशवी वरच विसरला. आनंदी खिडकीत आली. खाली गल्लीत दूधवाला, भाजीवाली, दर्शनाला निघालेली माणसं. तिने खिडकीचा गज धरला आणि सगळा श्वास लावून हाक मारली, "वेणीमाधव". खालची माणसं वर बघू लागली. हे नाव कुणाचं, म्हणून दूधवाल्याने किटली खाली ठेवून आपल्या बनारसी बोलीत विचारलं, "अम्मा, ई केकर नाम हौ?"

आनंदी म्हणाली, "हमरे भतीजा क. हमहीं रखले हई."